व्हॉल्व्हवर थांबलेले थेंब

“टाकू नका!”

ती इतक्या जोरात ओरडली की मास्तरच्या हातातला चिमटा हवेतच थांबला. चिमट्याच्या टोकाला सिलिकॉनचा एक इवलासा व्हॉल्व्ह होता, शिलाई मशीनच्या बॉबिनएवढा. खाली हॉस्पिटलच्या कचऱ्याच्या पिवळ्या डब्याचं झाकण त्याने पायाने उघडं धरलं होतं.

“का टाकू नको?”

“मला हवाय तो.”

“हा?” मास्तरने व्हॉल्व्ह खिडकीच्या उजेडात धरला. कधीकाळी काचेसारखा असलेला तो तुकडा आता पिवळट, खरखरीत झाला होता. “अहो, बुरशी चढलीय याच्यावर. लोक फुलंबिलं मागतात…”

“लोकांचं मला काय करायचंय? मला ती बुरशीच हवीय.”

खुर्चीत मान मागे टाकून बसलेल्या बाबांनी अंगठा गळ्यावरच्या भोकावर ठेवला. नवा व्हॉल्व्ह नुकताच आत बसला होता. “देऊन टाका, मास्तर,” घोगरा पण ठसठशीत आवाज आला. “नाहीतर घरी मला ऐकून घ्यावं लागेल.”

“आवाज छान लागला हं, काका,” मास्तर म्हणाला आणि व्हॉल्व्ह डब्यात टाकला. झाकण धप्पकन पडलं. “पेशंटच्या अंगातून निघालेली वस्तू कुणालाही देता येत नाही. नियम आहे.” असं म्हणून वर हसलाही.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हसत हसत नाही म्हणणारी माणसं तिला मुळातच सहन होत नसत. याच्या तर हसताना गालाला खळी पडत होती, म्हणजे अपराध दुप्पट.

रागाच्या बाबतीत हे घर खाऊनपिऊन सुखी होतं. बाबा उभा जन्म पोहायला शिकवत आले होते. टँकच्या काठावर उभं राहून त्यांनी शिवी न देता इतक्या पोरांना इतकं झापलं होतं, की पाण्यापेक्षा त्यांच्या ओरडण्याला घाबरूनच निम्मी पोरं पलीकडच्या काठाला लागायची. मग गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र गेलं आणि श्वास घ्यायला गळ्यावर एक भोक राहिलं. त्या भोकाच्या आत, श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामधल्या भिंतीत, हा व्हॉल्व्ह. भोक अंगठ्याने दाबलं की छातीतली हवा व्हॉल्व्हमधून अन्ननलिकेत शिरायची आणि तिथे आवाज फुटायचा. बाबा पुन्हा रागावू लागले, तेव्हा घरातल्या सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

पण ऊब, ओल आणि येताजाता अन्न! बुरशीला याहून चांगली जागा कुठे मिळणार? ती सिलिकॉनवर थरावर थर चढवायची, व्हॉल्व्हचं झाकण नीट मिटेनासं व्हायचं आणि पाण्याचा घोट अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरायचा. बाबा खोकून खोकून लालबुंद व्हायचे. की पुन्हा हॉस्पिटल, पुन्हा चिमटा, पुन्हा नवा व्हॉल्व्ह.

आणि त्यांची मुलगी नेमकी याच बुरशीच्या मागे हात धुऊन लागली होती. शहराच्या दुसऱ्या टोकाला, खाली टायरचं दुकान आणि वर प्रयोगशाळा अशा एका इमारतीत ती सिलिकॉनवर लेप चढवायची. लेप एवढा पातळ, की दिसायचा नाही. पण ओला झाला की असा बुळबुळीत व्हायचा, की बुरशीला पाय रोवायला जागाच मिळू नये. बशीत वाढवलेल्या बुरशीवर तो चालत होता. पण खऱ्या माणसाच्या गळ्यात मुरलेली बुरशी तिला कुणी देत नव्हतं. आणि ज्याच्या हातात होती, तो खळी पाडून नियम सांगत होता.

पुढच्या आठवड्यात तो खळीवाला तिच्या प्रयोगशाळेच्या दारात उभा होता. हातात घट्ट झाकणाच्या बाटल्यांचा खोका. प्रत्येक बाटलीत एकेक खराब व्हॉल्व्ह.

“हे काय?”

“तुमचा पुष्पगुच्छ.”

ती हसली नाही. हसू आलं होतं, पण तिने ते दिलं नाही. “आणि तुमचा नियम?”

“नियमातच बसवून आणलंय. आमच्या विभागाच्या मोठ्या बाईंची परवानगी काढली, पेशंटांना विचारलं. बाईंनी कारण विचारलं, तर म्हटलं, एक मुलगी फार ओरडते.”

“मी ओरडत नाही!”

“बघा, आत्ताही.” त्याने डोळे मिटून मान किंचित कलती केली. दुसऱ्यांचे आवाज ऐकणं हाच त्याचा धंदा होता. पिकल्या केसांच्या माणसांकडून तो पहिलीतल्या पोरांसारखं आ-ई-ऊ म्हणून घ्यायचा, म्हणून तर सगळं हॉस्पिटल त्याला मास्तर म्हणायचं. “गंमत आहे. रागावल्यावर लोकांचा आवाज चढतो. तुमचा पहिल्या शब्दाला चढतो आणि मग खाली जातो. खर्जात. ऐकायला बरा वाटतो.”

“मला चिडवायला आलात?”

“नाही हो. चिडलेल्याच आहात, मला काय कष्ट?”

तो खोका ठेवून गेला. टायरच्या रबराचा वास खालून येत होता, खिडकीवर पाऊस टपटपत होता, आणि ती बाटल्या एका रांगेत लावता लावता कुणावर तरी चिडण्यासाठी कारण शोधत होती. सापडलं नाही, म्हणून तिला जास्तच राग आला.

खोके येत राहिले. खोका माणसाबरोबर पाठवता आला असता, हे दोघांनाही ठाऊक होतं, आणि दोघंही तो विषय काढत नव्हते. तो यायचा, स्टुलावर बसायचा, सूक्ष्मदर्शकातून बुरशीचे धागे बघायचा.

“कसे एकमेकांना धरून बसलेत बघा,” तो एकदा म्हणाला. “काही म्हणा, संसार नेटका आहे.”

“तो मोडायचा पगार घेते मी.”

“तुम्ही कुणाचा संसार मोडणार, याची मला आधीपासून भीती होतीच. बुरशीवर भागलं म्हणायचं.”

तिने त्याला हाकलून दिलं. खोट्या रागातही ती कंजुषी करत नसे.

शेवटी लेप माणसांच्या गळ्यात घालून बघायची परवानगी मिळाली. हॉस्पिटलमध्ये गळ्याच्या विभागाच्या प्रमुख असलेल्या मोठ्या बाईंनी ट्रायल आखली. काही पेशंटना लेपाचा व्हॉल्व्ह, काहींना साधा. कुणाला कोणता, ते चिठ्ठ्या टाकून ठरणार आणि कुणालाच कळणार नाही. पेशंटला नाही, लेप लावणारीला नाही, आवाज तपासणाऱ्या मास्तरलाही नाही. काही महिन्यांनी अदलाबदल. ज्याला आधी साधा, त्याला मग लेपाचा. बाबांनी तावातावाने आपलं नाव पहिलं घातलं.

“आता ट्रायल संपेपर्यंत व्हॉल्व्हबद्दल मला काही सांगायचं नाही,” मास्तर तिला म्हणाला. “मी इकडे येणारही नाही. माझा कान कोरा राहायला हवा.”

“व्हॉल्व्हबद्दल नाही ना? दुसऱ्या कशाबद्दल बोलायला कुणी बंदी घातलीय?”

मास्तरने चष्मा काढून पुसला. “येतो,” म्हणाला आणि निघून गेला.

ती जिन्याकडे बघत राहिली. एवढी मोठी वाट करून दिली आणि हा माणूस ‘येतो’ म्हणून जातो! येत तर नाहीच म्हणे. मग ‘येतो’ कशाला म्हणायचं?

बाबांना ट्रायलचा व्हॉल्व्ह बसून थोडेच दिवस झाले होते. सकाळी ते आरशासमोर व्हॉल्व्ह साफ करत होते. बारीक ब्रश पाण्यात बुडवून आत फिरवायचा, एवढंच काम. पण बाथरूममधला दिवा गेला होता.

“टॉर्च धर,” ते खेकसले.

तिने धरला. ब्रश बाहेर आला. उजेडात व्हॉल्व्हच्या कडेवर पाणी चमकलं, आणि तिने टॉर्च आणखी जवळ नेला.

पाणी थेंब थेंब होऊन उभं होतं. गोल, टपोरे, एकमेकांपासून फटकून राहिलेले थेंब.

तिच्या लेपावर पाणी असं उभं राहूच शकत नव्हतं. ते पसरायचं, सपाट व्हायचं. हजारदा बघितलं होतं तिने. म्हणजे बाबांना साधा व्हॉल्व्ह आला होता. तिचं सगळं शहाणपण दुसऱ्यांच्या गळ्यात, आणि तिच्या बापाच्या गळ्यात बुरशीसाठी मोकळं मैदान.

तिने पुढचा विचार केला नाही. तासाभरात ती मास्तरच्या खोलीत होती.

“बदला तो!”

“काय बदलू? बसा आधी.”

“बसायला नाही आले. बाबांना साधा व्हॉल्व्ह आलाय. मी बघितलं, पाण्याचे थेंब उभे राहतायत त्याच्यावर. लेप असता तर—”

“थांबा!” मास्तर उठून उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर खळीचं नामोनिशाण नव्हतं. “बोलू नका पुढे. बोललातच. झालं.”

“काय झालं?”

“काय झालं विचारता? आता मला कळलं! उद्या काका समोर बसून आ म्हणतील, आणि माझा कान आधीच खोट काढून बसलेला असेल. साधा आहे, खराबच लागणार. कुठल्या तोंडाने लिहू मी, की आवाज असा लागला म्हणून? मला हे मोठ्या बाईंना सांगावं लागेल. आणि सांगितलं की काका ट्रायलमधून बाद.”

“बाद? मग लेपाचा व्हॉल्व्ह…”

“ट्रायलच्या बाहेर कुणालाच मिळत नाही. गप्प बसला असतात, तर अदलाबदलीत मिळालाच असता त्यांना.”

मग तिला जे सुचलं, ते तिने तसंच बोलून टाकलं. “नाही सांगितलं तर?”

“काय?”

“खोलीत दोघंच आहोत. तू नाही सांगितलंस, तर कुणाला कळणारे?” आपण ‘तू’ म्हणालो, हे तिच्या लक्षातही आलं नाही.

त्याच्या मात्र आलं. त्याने टेबलाची कड धरली, सोडली. “हे तुम्ही मला विचारताय,” तो हळू आवाजात म्हणाला. “मला. तुमच्यासाठी मी काय वाट्टेल ते—” आणि तिथेच थांबला. “नाही. हे नाही. उद्या बाई आल्या की सांगणार आहे. तुमच्या मागून नाही, तोंडावर सांगतोय.”

“सांग! खुशाल सांग! नियम पाळ, देव्हाऱ्यात ठेव, आरती कर त्यांची!”

दार आपटून ती बाहेर पडली. कॉरिडॉरमधल्या बाकावरची माणसं दचकली. जिन्यावरून उतरताना डोळ्यांत पाणी आलं, तर तिला पाण्याचाही राग आला. आणि त्याचं ते अर्धं वाक्य. काय वाट्टेल ते, काय? बोलायचं तर पुरं बोलावं माणसाने!

दुपारी ती टँकवर गेली. काठापासून दूर, खुर्चीत बसून बाबा ओरडत होते. पाण्याचा एक थेंबही गळ्याच्या भोकात जाता कामा नये, म्हणून आता ते लांबच बसायचे. “गुडघे नको वाकवूस! मांडीतून मार पाय! मांडीतून!” अंगठा गळ्यावर, दुसरा हात हवेत.

तिने सगळं सांगितलं. थेंबांचं, मास्तरचं, बाद होण्याचं. आपण गप्प राहायला सांगितलं, तेही. बाबा ऐकत होते आणि त्यांच्या कपाळावरची शीर वर येत होती.

“तुला कुणी सांगितलं होतं?” ते म्हणाले.

“बाबा, तुमच्या गळ्यात साधा—”

“असू दे ना साधा! कुणाच्या तरी गळ्यात साधा जायलाच हवा ना? त्याच्याशी ताडून बघितल्याशिवाय तुझा चांगला, हे कळणार कसं? तूच समजावलंस ना मला? तेव्हा ‘कुणीतरी’ म्हणजे दुसऱ्याचा बाप, असं होतं होय तुझ्या मनात?”

ती टँकमधल्या पोरांकडे बघू लागली.

“आणि त्या पोराला खोटं बोलायला सांगतेस?” बाबांना धाप लागली. त्यांनी अंगठा काढून श्वास घेतला, पुन्हा ठेवला. “माझा आवाज लागत नव्हता, तेव्हा तिथे सगळे पाठीवर थाप मारून ‘वा काका’ म्हणायचे. तो एकटा म्हणायचा, ‘नाही जमलं. पुन्हा.’ त्याच्यावर विश्वास ठेवून बोलायला लागलो मी. त्याचं ‘छान’ तू फुकट घालवायला निघालीस.”

टँकमधली पोरं काठाला धरून गुपचूप मजा बघत होती. झापून घेणारं आज दुसरंच कुणीतरी होतं.

ती घरी गेली आणि पहिल्यांदा नीट, शांतपणे चिडली. स्वतःवर. थेंब तिला दिसले म्हणजे उद्या कुणालाही दिसू शकले असते. चूक तिच्या डोळ्यांत नव्हती, तिच्या कामात होती. साधे व्हॉल्व्ह तिने नुसते साधे पाठवले होते. त्यांच्यावरही काहीतरी चढवायला हवं होतं. पाणी पसरवेल, पण बुरशीला अडवणार नाही, असं काहीतरी. मग लेपाचा कोणता आणि साधा कोणता, हे तिलाही ओळखता आलं नसतं. लेपाच्या कौतुकात ती एवढी बुडाली होती, की साध्याकडे बघायचंच राहून गेलं.

सकाळी ती मोठ्या बाईंच्या खोलीबाहेर पोचली, तर मास्तर आधीच बाकावर बसलेला. इस्त्रीचा शर्ट, आणि तोंड असं की दात उपटून घ्यायला आलाय.

“मी सांगणार,” ती म्हणाली. “चूक माझी आहे.”

“ऐकलं मी. सांगायचं काम माझं आहे.”

“तुम्हाला प्रत्येक ठिकाणी मध्ये यायची सवयच आहे का?”

“काल मी ‘तू’ होतो, आज पुन्हा ‘तुम्ही’ झालो वाटतं.”

“आत या दोघं!” आतून मोठ्या बाई गरजल्या. “बाहेर बाजार भरवलाय!”

तिने सांगितलं. काहीही न वगळता, गप्प राहायला सुचवल्याचंसुद्धा. मोठ्या बाई ऐकत राहिल्या, आणि मग त्यांनी जे ऐकवलं त्यातलं थोडंसंच इथे सांगण्यासारखं आहे. साध्या व्हॉल्व्हवर पाण्याचे थेंब उभे राहतात, हे पाण्याशी रोज खेळणाऱ्या बाईला सुचू नये? मग तुम्हाला ठेवलंय कशाला? तिने मान खाली घालून ऐकून घेतलं. मास्तर मध्ये बोलायला गेला, तर त्यालाही त्याचा वाटा मिळाला.

मग बाईंनी पाण्याचा ग्लास रिकामा केला. “आत्ता कळलं, ते बरं झालं. मोजकेच पेशंट घेतलेत अजून. थांबवू सगळं. तुम्ही साधे व्हॉल्व्ह नीट करून आणा, मग पुन्हा पहिल्यापासून सुरू. नव्या चिठ्ठ्या.”

“आणि बाबा?” तिचा आवाज खर्जात गेला होता.

“सगळ्यांच्याच चिठ्ठ्या नव्या म्हटल्यावर त्यांचीही नवी. घेऊ त्यांना. पण त्यांचा व्हॉल्व्ह साफ करताना तुम्ही त्या खोलीत दिसता कामा नये.” बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. “पुन्हा सुरू करायचं म्हणजे मला सगळं पुन्हा विचारावं लागणार. मास्तर, ज्यांचे आवाज तुम्ही तपासता, त्यांच्यापैकी कुणाच्या घरच्यांशी तुमचं काही नातं? मागच्या वेळी नाही म्हणाला होतात. तेच ना?”

मास्तरने शर्टाची बाही सारखी केली.

“अहो, सोपा प्रश्न आहे.”

“सोपा होता,” मास्तर म्हणाला. “मागच्या वेळी अगदी नाहीच म्हणता आलं. आता म्हटलं, तर… खोटं होईल.”

तिने मान वळवली. तो तिच्याकडे बघत नव्हता. कान लालभडक झाले होते.

“कुणाच्या घरच्यांशी?”

“यांच्या. म्हणजे… काकांच्या.”

“आणि नातं कोणतं धरायचं?”

“ते तसं…” मास्तर अडखळला. “बाई, ते एकतर्फी आहे. पण आहे. त्यामुळे काकांचा आवाज तपासायला दुसरं कुणीतरी ठेवा.”



“एकतर्फी?” ती ताडकन उठली. खुर्ची मागे सरकली. “कुणी सांगितलं तुम्हाला एकतर्फी? मला विचारलंत? स्वतःच ठरवायचं, स्वतःच जाहीर करायचं, तेही बाईंच्या समोर! इतके दिवस मी काय बुरशी बघायला स्टूल पुसून ठेवत होते?”

शब्द तोंडातून गेले आणि मग तिला ते ऐकू आले.

मोठ्या बाईंनी पेनाचं टोपण लावलं. “दोन्हीकडून आहे म्हणायचं. बरं. काकांसाठी दुसऱ्याला सांगते. आता उठा, आणि दार हळू लावा. काल आपटलंत म्हणून तक्रार आलीय.”

दार हळू लागलं. कॉरिडॉरमध्ये दोघंही भिंतीला टेकून उभे राहिले, चढ चढून आल्यासारखे.

“आधी का नाही बोललात?” ती अजून धुमसत होती.

“बोललो असतो, तर काकांना सोडावं लागलं असतं. नवा माणूस त्यांना नुसतं ‘छान छान’ म्हणेल, ही भीती वाटायची. म्हटलं, ट्रायल संपू दे, मग…”

“ट्रायल संपायला वर्ष लागलं असतं! तोवर मी वाट बघत बसायचं?”

“तुम्ही वाट बघत होतात?”

तिने त्याचा हात धरला. जरा जोरातच, जाब विचारावा तसा. त्याने बोटं अडकवून घेतली. अखेर खळी उमटली, आणि या वेळी तिने हसू राखून ठेवलं नाही.

“चल घरी,” ती म्हणाली. “बाबांना तू सांगायचंस.”

“मी? ते ओरडतील गं.”

“ओरडू देत. त्यासाठीच तर चाललंय सगळं.”